उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर सावंगीत

शेतातून परतलेल्या माणसाचे तोंड अचानक वाकडे होते, एका बाजूचा हात उचलत नाही, बोलणे अडखळते. लकवा मारला हे घरच्यांच्या लक्षात येते आणि मिळेल त्या गाडीने रुग्णाला दवाखान्यात नेण्याची धावपळ सुरू होते. वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात अशा रुग्णाबाबत डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो तो हा, की मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे की फुटली आहे? बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन योग्य रुग्णाला लक्षणे दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव होत असताना तेच इंजेक्शन दिले तर जिवावर बेतते. हा निवाडा बहुतेक वेळा सीटी स्कॅन करते आणि तोही काही मिनिटांत.

या यंत्राचा इतिहास मात्र रुग्णालयात सुरू होत नाही. तो सुरू होतो एका गणितज्ञाच्या वहीत, पुढे सूर्याकडे रोखलेल्या दुर्बिणीपाशी जातो आणि मग कुठे रुग्णाच्या खाटेजवळ येतो. संशोधनावर पैसा खर्च करायची वेळ आली की आपल्याकडे ‘याचा उपयोग काय?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यामुळे हा प्रवास नीट समजून घेणे गरजेचे आहे.

जर्मनीतील भौतिकशास्त्रज्ञ विल्हेम रॉन्टजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यामुळे शरीराच्या आत डोकावता येऊ लागले, पण एक्स-रे ही शेवटी सावली असते. पुढचे हाड, मागचे हाड आणि मधला मऊ भाग यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. कवटीच्या आतले रक्त आणि मेंदू तर साध्या एक्स-रेत वेगळे ओळखूच येत नाहीत. सीटी स्कॅन यावर मात करते ते गणिताच्या जोरावर.

हे गणित एका छोट्या कोड्यातून समजते. दोन ओळी आणि दोन उभे रकाने अशी चार घरे आहेत आणि प्रत्येक घरात एक आकडा लपलेला आहे. आडव्या ओळींच्या बेरजा ५ आणि ५, उभ्या रकान्यांच्या बेरजा ४ आणि ६, एवढेच सांगितले तर उत्तर एक येत नाही, अनेक येतात. आता वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या घराची तिरकी बेरीज ३ आहे, एवढे आणखी सांगितले की वरच्या ओळीत १ आणि ४, खालच्या ओळीत ३ आणि २ हे एकच उत्तर उरते. क्ष-किरण शरीरातून आरपार जातो तेव्हा वाटेतल्या सगळ्या घरांची अशीच एक बेरीज यंत्राला मिळते. वेगवेगळ्या कोनांतून अशा हजारो बेरजा घेतल्या की आतल्या प्रत्येक घराचा आकडा काढता येतो. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे हजार, ताज्या रक्ताचा मेंदूपेक्षा थोडा जास्त. हे आकडे काळ्या-पांढऱ्या छटांत मांडले की पडद्यावर मेंदूचा काप दिसतो.

अशा बेरजांवरून मूळ आकृती परत मिळवता येते, हे ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान रॅडॉन यांनी १९१७ मध्ये सिद्ध केले. त्यांच्यासमोर कोणी रुग्ण नव्हता. तेव्हा संगणकही नव्हता. प्रश्न निव्वळ गणिताचा होता. पुढे रोनाल्ड ब्रेसवेल या ऑस्ट्रेलियन रेडिओ खगोलशास्त्रज्ञापुढे तसाच पेच आला. सूर्याच्या कोणत्या भागातून किती रेडिओ लहरी येतात याचा नकाशा त्यांना काढायचा होता. अँटेनांना मात्र एकेका अरुंद पट्टीची बेरीजच कळत होती. पट्ट्यांवरून नकाशा कसा काढायचा, ते त्यांनी १९५६ मध्ये मांडले.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅक केप टाउनच्या एका रुग्णालयात किरणोत्सारी द्रव्यांच्या वापरावर देखरेख करत होते. कर्करुग्णाला किरणांची मात्रा देताना सारे शरीर आतून एकसारखेच आहे असे धरले जाते, हे त्यांना खटकले. शरीराच्या आतला फरक मोजण्याचे गणित त्यांनी स्वतः मांडले आणि १९६३ व १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रतिसाद जवळजवळ शून्य! कॉर्मॅक यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे, शोधनिबंधाची प्रत मागणाऱ्यांत लक्षात राहण्यासारखे होते ते स्वित्झर्लंडमधील हिमकड्यांचा अभ्यास करणारे केंद्र.

ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र उभे केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या महिलेचे पहिले सीटी स्कॅन झाले. हाउन्सफिल्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता.

या कथेत भारताचेही पान आहे. प्रथिनांच्या रचनेवरील कामासाठी जगभर ओळखले जाणारे जी. एन. रामचंद्रन यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ मध्ये आकडेमोडीची अधिक सोपी आणि वेगवान पद्धत दिली. त्या दोघांच्या नावाची ‘रॅम-लॅक’ ही गाळणी सीटीच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवली जाते. दुसरा धागा महाराष्ट्रात येतो. ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत पीएचडी केलेले गोविंद स्वरूप भारतात परतले आणि पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली नारायणगावजवळच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली.

वैद्यकाने ज्या ज्ञानाचा लाभ घेतला, त्याची परतफेड पुरातत्त्वशास्त्राला झाली. इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या ममीचा १९६८ मध्ये एक्स-रे काढला, तेव्हा कवटीत हाडाचा तुकडा दिसला आणि डोक्यात घाव घालून खून झाल्याची चर्चा वर्षानुवर्षे रंगली. २००५ मध्ये ममीचे सीटी स्कॅन झाले. तशा घावाचा पुरावा सापडला नाही. सावलीने निर्माण केलेला संशय कापाने दूर केला. आज मडकी, मूर्ती, हाडे न फोडता आतून पाहण्यासाठी हीच पद्धत वापरली जाते.

वर्धेकरांना ही सांगड परकी वाटण्याचे कारण नाही. सावंगीच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, त्या विनोबांना गणिताची विलक्षण ओढ होती. १९३८ मध्ये ते धाम नदीकाठच्या पवनारला राहायला आले. तिथे शेतात खोदताना भरत-रामाच्या भेटीचे प्राचीन शिल्प त्यांच्या हाती लागले. त्याच पवनारला १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने उत्खनन करून गावाचा जुना इतिहास थरांथरांतून उलगडला. गणित, मातीतला इतिहास आणि रुग्णसेवा वर्ध्याच्या एवढ्याशा परिसरात शेजारी नांदतात. आपल्या शिक्षणात आणि धोरणात मात्र त्यांच्यामध्ये भिंती उभ्या आहेत.

भारत संशोधन व विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो. चीनमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर, तर दक्षिण कोरियात चार टक्क्यांच्याही वर आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. खासगी पैसा लवकर परतावा मागतो, तो त्याचा स्वभाव आहे. रॅडॉन यांच्या गणितापासून पहिल्या रुग्णापर्यंत ५४ वर्षे गेली. इतकी वाट पाहणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही. म्हणून मूलभूत संशोधनाचा भार सरकारने आणि विद्यापीठांनीच उचलायला हवा.

महागडी यंत्रे आयात करून रुग्णालये उभारणे आवश्यकच आहे आणि ते होत राहील. पण यंत्र विकत घेणारा देश आणि यंत्रामागचे गणित मांडणारा देश यांत अंतर असते. रामचंद्रन यांनी ते पार करता येते हे दाखवून दिले होते. बारावीनंतर गणित किंवा भौतिकशास्त्र घेऊ पाहणाऱ्या विदर्भातल्या मुलाला घरात, शाळेत ‘उपयोग काय?’ असे विचारले जाते. त्याच घरातल्या आजोबांना लकवा मारतो, तेव्हा त्यांच्या मेंदूत काय घडले हे रॅडॉन, ब्रेसवेल, कॉर्मॅक आणि रामचंद्रन यांची आकडेमोड सांगते. प्रश्न विचारणाऱ्यांनी सावंगीतल्या स्कॅनच्या खोलीबाहेर थोडा वेळ थांबावे, उत्तर आपोआप मिळेल.