नातवंडांचे शुद्धलेखन आणि आजोबांची लाल शाई

सहामाही परीक्षा जवळ आली की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. ‘डॉक्टर, नातवाला रोज श्रुतलेखन घालतो, तरी निबंधात शुद्धलेखनाचे गुण जातातच. बुद्धीसाठी काही टॉनिक द्या.’ शुद्धलेखन सुधारणारे टॉनिक अस्तित्वात नाही. मी वही पाहायला मागतो.

वहीत पुष्कळ काही सापडते. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्यांची अक्षरओळख जुन्या नियमांनी झाली. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. त्यापूर्वी ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ हेच शुद्ध होते. ‘कवि’, ‘गुरु’ यांचे आता ‘कवी’, ‘गुरू’ झाले. समासात मात्र ‘कविमन’, ‘गुरुदक्षिणा’ असेच राहिले. आजोबा लाल शाईने जे सुधारतात ते शाळेत चूक ठरते आणि मूल दोन्हीकडे बोलणी खाते. तेव्हा पाठ्यपुस्तक उघडे ठेवूनच श्रुतलेखन घालावे.

‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘फूल’ पण ‘फुलाला’; ‘शरीर’ तत्सम, म्हणून ‘शरीराला’. हे केवळ ऐकून उमगत नाही, शब्द डोळ्यांखालून जावा लागतो. चुकलेला शब्द वीसदा लिहायला लावण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. पाचव्या ओळीनंतर नुसता हात चालतो. शब्द नीट पाहावा, झाकावा, आठवून लिहावा आणि मुलाने स्वतःच ताडून पाहावा. तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारावा. आठवण्याच्या श्रमाने स्मृती पक्की होते, आणि तीत झोपेचाही वाटा असतो. एका बैठकीस पाच-सहा शब्द पुरेत.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत आजी कोशाहून सरस. ‘गरम’ या एकाच शब्दावर भागवणाऱ्या नातीला दूध देता देता ‘कढत’, ‘कोमट’, ‘निवलेले’ हे शब्द सहज मिळतात.

दोघांचे कान-डोळेही तपासून घ्यावेत. सैल कवळीमुळे उच्चार अस्पष्ट होतात. कधी मुलाचाच कान सर्दीने दडपलेला असतो.

आणि तिसरी-चौथीतही वाचन अडखळत असेल, अक्षरे सतत गळत असतील, तोंडी उत्तरे चोख पण लेखी अपुरी असतील, तर मुलाला आळशी म्हणू नये. ही अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि रीतसर तपासणीनंतर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना शाळेच्या वह्या सोबत न्याव्यात.