गोगलगायी खाणारा मासा आणि लघवीतले रक्त

बिल्हार्झिया या रोगावर तीन महिन्यांच्या बाळापासून देता येईल अशा, पाण्यात विरघळणाऱ्या गोळीबाबत युरोपच्या औषध नियामकांनी डिसेंबर २०२३ मध्ये अनुकूल मत दिले. आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी ही मोठीच सोय झाली. पण मलावी सरोवराकाठची हकिकत पाहता नुसत्या गोळीच्या भरवशावर राहणे मला पटत नाही.

मलावी, मोझांबिक आणि टांझानिया यांच्यामध्ये सुमारे ५८० किलोमीटर लांब पसरलेल्या या सरोवराचे पाणी शिरे नदीतून झांबेझीला मिळते. त्यात माशांच्या आठशेहून अधिक जाती असाव्यात असा अंदाज आहे. बहुतेक सिक्लिड कुळातल्या आणि जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या. (आपल्या उजनीतली चिलापी याच कुळातली!) इतक्या जाती एका पाण्यात नांदतात त्याचे एक कारण म्हणजे त्यांनी वाटून घेतलेले खाणे. कोणी खडकावरचे शेवाळ खरवडतो, कोणी दुसऱ्या माशाचे खवले ओरबाडतो. ट्रेमॅटोक्रॅनस प्लॅकोडॉन हा मासा घशातल्या दणकट दातांनी गोगलगायींचे शंख फोडून खातो.

डॉक्टरांचा संबंध येतो तो इथे. बिल्हार्झियाच्या कृमीची अंडी रोग्याच्या लघवीतून पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी विशिष्ट गोगलगायीत वाढते आणि मग पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरते. लघवीत रक्त येते, वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो. मुलींच्या जननमार्गातले व्रण तर अनेकदा गुप्तरोगाचे समजले जातात. आपल्याकडेही १९५०च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात हा रोग आढळला होता. वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते आता क्वचितच ठाऊक असते.

१९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मलावी सरोवराचा उघडा, वाळूचा किनारा या रोगापासून सुरक्षित मानला जाई. पुढे किनाऱ्यालगतची मासेमारी बेसुमार वाढली, गोगलगायी खाणारे मासे घटले आणि तिथल्या गोगलगायींतून रोग पसरू लागला. वाढती वस्ती आणि संडासांचा अभाव यांचाही त्यात वाटा आहेच, सगळा दोष जाळ्यांवर टाकता येणार नाही. मात्र त्या जाळ्यांत हिवतापासाठी वाटलेल्या मच्छरदाण्याही असतात. बारीक जाळीतून पिल्लूही सुटत नाही. एका रोगासाठी दिलेले साधन दुसऱ्या रोगाची वाट मोकळी करते, आणि भुकेल्या घराला त्यासाठी बोल तरी कसा लावायचा?

गोळी शरीरातल्या कृमी मारते, पुन्हा होणारी लागण रोखत नाही. औषध घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात भांडी घासायला जाते. त्यामुळे उथळ पाण्यातल्या मासेमारीवरचे निर्बंध हे आरोग्य खात्याचेही काम मानले पाहिजे, आणि त्या काळात कोळ्यांच्या पोटाची सोयही. मासे परत यायला वेळ लागेल. या जातीची मादी एका वेळी थोडीच अंडी घालते आणि पिल्ले होईपर्यंत ती तोंडात सांभाळते. अशी एक मादी जाळ्यात आली की पुढची वीणही गेली.