कर्दळीच्या वाफ्यांना जमीन कोणाची?

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला आणि चार दिवस सगळ्यांनाच नदीचा पुळका आला. शेरीनाला त्याआधीही नदीतच जात होता, तेव्हा कोणाची झोप उडाली नव्हती! असे काही घडले की 'निसर्गाच्या मदतीने शुद्धीकरण' ही कल्पना पुढे येते. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या माधवनगरसारख्या गावातील चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ही कल्पना नीट समजून घेतली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

तंत्र खोटे नाही. पाणी न झिरपणारे अस्तर घातलेला उथळ खड्डा, त्यात खडी-वाळू, वर कर्दळ, पाणकणीस. खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू सेंद्रिय घाण फस्त करतात. वीज नाममात्र लागते. जर्मनीत केटे झायडल या संशोधिकेने १९५० च्या दशकात याचा पाया घातला. आपल्याकडे नागपूरच्या 'नीरी'ने 'फायटोरिड' नावाने ते विकसित केले. ओमानमध्ये निमर येथे तेलविहिरींचे पाणी शेकडो हेक्टर पाणथळीतून सोडले जाते.

पण घरातले सांडपाणी वेगळे आणि कारखान्याचे वेगळे. मद्यार्क कारखान्याच्या मळीच्या पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला लाखभर मिलिग्रॅमपर्यंत जाते. असे पाणी थेट सोडले तर कर्दळच जळेल. रंगाईच्या पाण्यातले क्षार जिवाणू खात नाहीत. उन्हाने पाणी आटले की उलट दाट होतात. जड धातू नाहीसे होत नाहीत, गाळात बसतात. म्हणून आधी कारखान्याच्या आवारात पूर्ण प्रक्रिया, पाणथळ शेवटी. हा क्रम उलटवून चार कर्दळी लावणे म्हणजे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या डोळ्यांत धूळफेक होय.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. या पद्धतीला यंत्रापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती कोठून येणार? 'पडीक' म्हटले की सरकारी नजर गायरानाकडे वळते आणि गायरान कसणारे कोण, हे सांगायला नको. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. तरी आजही कित्येकांच्या हाती सातबारा नाही. 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात देशाचा कायदा म्हणून मान्य केले. मग ज्याचे पाणी त्याचीच जमीन नको काय? महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी आमच्यासाठी पाण्याचा हक्क मिळवण्याचा लढा दिला, तो कारखान्याची घाण आमच्या उंबऱ्याशी मुरवण्यासाठी नव्हे.

आणखी एक. काही वर्षांनी खडी गाळाने तुंबते, ती उपसावी लागते. धातू मुरलेली ती खडी कोणाच्या हातांनी उपसली जाणार? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा गटारे आणि मैल्याच्या टाक्यांच्या धोकादायक सफाईबद्दल बोलतो. कारखान्याच्या खडीच्या वाफ्याचे नाव त्यात नाही. तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीपत्रातच खडी उपसण्याचे यंत्र, कामगाराची सुरक्षा आणि जमिनीचा सातबारा या तीन अटी लिहून घेतल्याशिवाय ग्रामसभेने ना-हरकत दाखल्यावर सही करू नये.