कालव्याचे पाणी आणि तिसरे मूल

मैत्रिणींनो, पाण्याच्या कायद्याचा आणि बाईच्या गर्भाशयाचा काय संबंध, असे कुणी विचारले असते तर मी पूर्वी हसले असते. आता हसत नाही. 2005 साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पाण्याचे हक्क आणि दर ठरवणारे स्वतंत्र प्राधिकरण नेमणारे देशातले पहिले राज्य म्हणून कौतुकही झाले. त्या कायद्याच्या कलम 12 मधले पोटकलम 11 वाचा. दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्याने शेतीच्या पाण्यासाठी नेहमीच्या दराच्या दीडपट पैसे भरायचे! कायदा लागू होण्याआधी जन्मलेल्या मुलांपुरती तेवढी सूट.

बारामती-इंदापुरातल्या बैठकांत मी हे वाचून दाखवते तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसत नाही. एका म्हातारीने विचारले, "पोरं काय कालवा पित्यात व्हय?" तिला कळले ते कायदा करणाऱ्यांना कळले नाही. उसाला पाणी लागते ते एकराच्या हिशेबाने. नीरा डाव्या कालव्यावर शंभराहून जास्त वर्षे पाणी चालू आहे. तिथल्या दोन मुलांच्या बागाईतदाराने वीस एकर ऊस केला तर दर साधा, आणि कालव्याच्या शेपटाला, इंदापुरात, दोन एकरवाल्या घरात तिसरी मुलगी झाली की दर दीडपट.

तिसरे मूल होते का? बहुतेक वेळा पहिल्या दोघी मुली असतात म्हणून. सातबारा नवऱ्याचा, पाणीपट्टीची पावती नवऱ्याची, मुलगा हवा हा हट्ट सगळ्या घराचा. पण पट्टी वाढली की बोल कुणाला लागणार, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. गर्भलिंग चोरून तपासणाऱ्यांना असल्या कलमांनी गिऱ्हाईकच मिळते. लोकसंख्या कमी करायची असेल तर दवाखाने नीट चालवा, मुलींना शिकवा. कालव्याच्या दारावर पोरे कसली मोजता?

जे मोजायला हवे ते मात्र मोजले जात नाही. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज 135 लिटर, महानगराला 150 लिटर, हे सरकारी मानक. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला 55 लिटर. जनावरे, बाळंतीण, म्हातारी माणसे सगळी त्यातच सांभाळायची. शहराच्या संडासातून जे वाहून जाते ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, आमच्या इंदापूरच्या काठाला. एप्रिल 2021 मध्ये उजनीतले 5 टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याला देण्याचा आदेश निघाला. हे पुण्याहून येणारे सांडपाणी आहे, मूळ पाण्याला धक्का नाही, असे त्याचे समर्थन होते. सोलापूरकर रस्त्यावर आले, मे महिन्यात आदेश रद्द झाला. त्या गदारोळात कुणाचा ऊस जगणार यावर मी पुष्कळ भाषणे ऐकली. त्या पाण्यात काय मिसळले आहे, ते हातांना लागते कुणाच्या, काठावर धुणे कोण धुते, हा प्रश्न माझ्या कानावर एकदाही आला नाही. दोन्ही तालुके, दोन्ही जिल्हे, भांडणारे सगळे पुरुष.

प्राधिकरणाच्या मूळ रचनेत अध्यक्ष मुख्य सचिवाच्या दर्जाचा, एक सदस्य जलअभियांत्रिकीचा, एक जल-अर्थशास्त्राचा. घागर वाहण्याचा अनुभव ही पात्रता तिथे धरलेली नव्हती. आणि 2011 साली कायद्यात दुरुस्ती करून शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी यांच्यातली वाटणी मंत्रिमंडळाने आपल्या हातात घेतली. मोठा घास मंत्र्यांकडे, प्राधिकरणाकडे दरपत्रक! तरीही नियमनच नको, असे मी म्हणणार नाही. नियम नसले की पाणी ज्याची मोटार मोठी त्याच्याकडे जाते, हे आमच्या गल्लीतही दिसते.

दर तीन वर्षांनी पाणीदरांचा फेरविचार करायचा, असे कायदाच सांगतो. तेव्हा हरकती द्यायच्या असतात. बारामतीच्या आणि इंदापूरच्या गटांनी आतापासून तीन गोष्टी लेखी तयार ठेवाव्यात. मुलांच्या संख्येचा पाणीदराशी संबंध नको. जमीन नावावर नसलेल्या बाईलाही पाण्यावर हक्क हवा. आणि जे शहर घाण सोडते त्याने ती स्वच्छ करण्याचा खर्च आपल्या बिलात धरावा. प्रत्येक अर्जावर सही बाईची हवी, नवऱ्याची चालणार नाही.