घर आपलं, कागद परका

आज्जीच्या ट्रंकेत एक पिवळा पडलेला कागद आहे. लिबरेशनच्या आधीचा, पोर्तुगीजमध्ये लिहिलेला. "बाय गो, ह्यात काय लिवला हा?" ती विचारते. मी राज्यशास्त्र शिकते, पण तो कागद मलाही वाचता येत नाही. एवढंच कळतं की आजोबांच्या 'नाईक' आडनावाचं स्पेलिंग आधार कार्डवर एक आणि इथे दुसरंच. पेडणे-डिचोलीत अशा ट्रंका कितीतरी घरांत आहेत.

दुसऱ्या महायुद्धातून वाचलेल्या ज्यूंसमोर याहून फार भयंकर प्रश्न होता. माणसं मारली गेली, घरं लुटली, कागद नष्ट झाले. जर्मनीत भरपाईचे कायदे आले, पण दावा करायचा कसा? 1948 साली युनायटेड रेस्टिट्यूशन ऑर्गनायझेशन उभी राहिली. तिचे बरेच वकील स्वतःच जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू. ऐपत नसलेल्यांचे दावे ते चालवायचे. त्यांचं दुःख आणि आपली अडचण एका तराजूत घालायची नाही. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: नुसता कायदा पुरत नाही, तिथवर नेणारा माणूस लागतो.

आपल्याकडे कायदा नाही का? आहे की! 1964चा कूळ कायदा, 1975चा मुंडकार कायदा. मुंडकाराला भाटकाराच्या जमिनीवरचं आपलं घर जागेसकट विकत घेता येतं. पण मामलेदारासमोर ते सिद्ध कोण करणार? एकेका तारखेला दिवसाची मजुरी बुडते. उलट, ज्यांना जुने कागद 'बनवता' येतात त्यांचं काही अडत नाही. बनावट दस्तांवर जमिनी लाटल्या म्हणून 2022 साली सरकारला एसआयटी नेमावी लागली, पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग.

1987च्या विधी सेवा कायद्याने बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही. हेल्पलाइन 15100. किती आज्ज्यांना हे माहीत आहे?

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक मामलेदार कचेरीत आठवड्यातून एक दिवस पोर्तुगीज वाचणारा अनुवादक आणि विधी सेवेचा वकील एकत्र बसवा. ही मागणी आपणच लावून धरायला हवी.

आणि तोवर? मित्रांनो, चवथीला घरी जाल तेव्हा ट्रंक उघडा. कागदांचे फोटो काढा. घर कधी बांधलं, शेजारी कोण होते, म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. कागद कदाचित उद्याही सापडेल, सांगणारी आज्जी सापडेलच असं नाही.