जुनी डिझेल पिकअप : दुरुस्तीचा हिशेब आणि आपली जबाबदारी

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा आढावा असावा, गुणवंतांची नावे असावीत, देणगीदारांचे ऋण नोंदवावे, हे सर्व उचितच आहे. परंतु ज्या समाजाच्या बळावर निवासी शाळेसारखी संस्था उभी राहते, त्या समाजाच्या रोजच्या भाकरीशी निगडित असा एखादा साधा विषयही या पानांवर यावा, असे आम्हांस वाटते. म्हणून आम्ही मुद्दाम एक असा विषय निवडला आहे, जो आपल्यापैकी अनेकांच्या दारात चार चाकांवर उभा आहे. तो म्हणजे जुनी डिझेल पिकअप.

गेल्या अर्धशतकात आपला परिसर झपाट्याने बदलला. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरलगत औद्योगिक वसाहत विस्तारली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या बदलात सर्वांनाच कायमची नोकरी लाभली नाही. अनेकांनी मालवाहतुकीचा आधार घेतला. सातपाटीची मासळी, डहाणू-घोलवडचे चिकू, वाड्याचा तांदूळ, भट्टीवरच्या विटा, कारखान्यांतील पिंपे आणि खोकी हे सारे वाहून नेणारी गाडी म्हणजे पिकअप. नवी घ्यायची तर किंमत नऊ-दहा लाखांच्या घरात जाते आणि हप्त्यांचे ओझे पाच-पाच वर्षे मानेवर बसते. म्हणून आपली माणसे दहा-पंधरा वर्षे वापरलेली गाडी घेतात. ठाणे जिल्ह्याच्या काळातील ‘एमएच-०४’ ही पाटी आजही अशा अनेक गाड्यांवर दिसते.

अशा गाडीविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, जुने डिझेल वाहन थेट भंगारात घालावे. दुसरे म्हणते, गाडी चालते आहे ना, मग तारेने बांधा आणि चालवा. आम्हांस दोन्ही मते अमान्य आहेत. पहिले मत गरिबाच्या खिशाचा विचार करीत नाही, तर दुसरे त्याच्या जिवाचा. जुनी पिकअप योग्य क्रमाने, लेखी हिशेबाने आणि प्रामाणिकपणे दुरुस्त केली तर ती कुटुंबाला सन्मानाने जगवू शकते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीचा पहिला रुपया खर्च होण्यापूर्वीच अर्धा निर्णय झालेला असावा. प्रथम कागद पाहावेत. नोंदणी पुस्तकातील चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, बँकेचा बोजा उतरला आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. ‘नाव नंतर करू’ या एका वाक्याने किती कुटुंबे अडचणीत येतात, हे वेगळे सांगावयास नको. एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही, परंतु योग्यता प्रमाणपत्रातून तिचीही सुटका नाही. पहिली आठ वर्षे ते दोन-दोन वर्षांचे असते आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते.

कागदांनंतर चासी. चिंचणी-तारापूरचे खारे वारे आणि आपला चार महिन्यांचा धुवाधार पाऊस लोखंडाला सोडीत नाही. मासळी वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यातून तर बर्फाचे खारट पाणी सतत खाली ठिबकत असते. गाडीखाली झोपून हातोडीने चासी ठोकून पाहावी. आवाज खणखणीत आला तर पुढे बोलावे. पापुद्रे सुटून भोके पडली असतील, तर इंजिन कितीही गोड वाजत असले तरी त्या गाडीला नमस्कार करून परत यावे.

आता खर्चाचा क्रम. आमच्या पाहण्यात बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. आधी रंग, मग सीटकव्हर आणि गाणी वाजवण्याचे यंत्र, पुढे इंजिन आणि पैसे उरलेच तर ब्रेक. आम्ही म्हणतो, पहिले पैसे ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि दिव्यांवर खर्च व्हावेत. इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहील. जव्हारकडून माल भरून घाट उतरताना ब्रेक गेले तर काय होईल, याची कल्पना प्रत्येकाने करावी. ब्रेकचे लायनर, चाकातील सिलिंडरची रबरे, मास्टर सिलिंडर आणि ऑइलचे नळ हे प्रथम. त्यानंतर पाट्यांचे बुश आणि स्टिअरिंगचे सांधे. त्यानंतर रेडिएटर, पाण्याचे पाईप आणि पंख्याचा पट्टा, कारण इंजिन एकदा तापून हेड वाकले की काटकसरीचा सारा हिशेब कोसळतो.

डिझेल इंजिनाची एक थोरवी अशी, की ते आपला आजार धुरातून सांगते. त्यात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. म्हणून हवा, दाब आणि इंधनाचा फवारा या तीन गोष्टी नीट असल्या की पुरे. धूर काळा असेल तर हवा कमी पडते आहे किंवा इंधन जास्त जाते आहे, असे समजावे. आधी एअर फिल्टर पाहावा, मग नोजल. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर इंधन पूर्ण जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे. ऑइलचा रंग दुधट झाला असेल तर पाण्याची शंका पक्की होते. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर वाफेचे जोरदार लोट आले तर रिंगा झिजल्या असे जाणकार मेस्त्री सांगतो.

सकाळी गाडी उशिरा सुरू होते म्हणून पंप उतरवून हजारोंचे बिल करणारेही असतात. पुष्कळदा दोष इतकाच असतो, की टाकीकडून येणाऱ्या नळीच्या सांध्यातून किंवा फिल्टरच्या वायसरमधून हवा शिरते. वायसर बदलावा, हातपंप मारून हवा काढावी आणि मग पुढचा विचार करावा. मात्र गाडी ‘कॉमन रेल’ पद्धतीची असेल तर चालू इंजिनाच्या नळ्यांना हात लावू नये. तेथे इंधनाचा दाब शेकडो बारचा असतो आणि त्याची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. ते काम यंत्रावर तपासणी करणाऱ्याकडेच द्यावे.

सुट्या भागांबाबत एक साधा नियम पाळावा. जो भाग मोडल्याने फक्त गैरसोय होते तो जुना चालेल. जो भाग मोडल्याने जीव जाईल तो नवाच हवा. दरवाजा, फाळका, डॅशबोर्ड, गिअरबॉक्सचे कवच कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून खुशाल आणावे. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, त्यामुळे दादरला गाडी बदलून दिवसभरात परत येता येते. परंतु ब्रेकचे भाग, टायर, बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे जुने घेऊ नयेत. शिवाय औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने बोईसरमध्ये लेथ, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनचे कुशल हात आहेत. बाजारात न मिळणारा बुश किंवा पिन तेथे मापाने बनवून मिळते. हे सुख सर्व जिल्ह्यांना नाही.

मेस्त्रीशी व्यवहार वहीत लिहून करावा. काम, भाग, मजुरी आणि मुदत चार ओळींत असावी, काढलेले जुने भाग परत मागावेत आणि ठरलेल्या रकमेचा निदान चौथा हिस्सा अनपेक्षित कामासाठी बाजूला ठेवावा. इंजिन उघडल्यावरच अनेक गोष्टी दिसतात, हे मेस्त्रीचे म्हणणे खरे असते. त्याच्यावर संशय घेण्यापेक्षा त्या खर्चाची तयारी ठेवणे शहाणपणाचे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. गाडी कितीही उत्तम दुरुस्त झाली तरी तिच्या हौद्यात माणसे बसवू नयेत. लग्नाचे वऱ्हाड, भट्टीवरचे मजूर, सभेला निघालेली मंडळी आणि कधीकधी सुटीला घरी निघालेली मुलेसुद्धा हौद्यात उभी दिसतात. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. सहज चढलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला आहे. म्हणजे अपघात झाला तर जखमीच्या हाती काही पडत नाही आणि गाडीमालकाचे घरदार पणाला लागते. वसतिगृहाचे तांदूळ-भाजी पिकअपमधून यावेत, मुले मात्र एसटीने किंवा प्रवासी वाहनानेच जावीत. याबाबत पालकांनी संस्थेकडे आणि संस्थेने पालकांकडे आग्रह धरावा.

धुराविषयीही असेच. कारखान्यांच्या धुराड्यांबद्दल आपण तक्रार करतो आणि ती रास्तच आहे. परंतु आपल्या गाडीमागून काळे लोट निघत असताना पैसे देऊन प्रदूषण प्रमाणपत्र मिळवायचे, जळके ऑइल नाल्यात ओतायचे, दोष झाकून गाडी गळ्यात मारायची, हे सम्यक आजीविकेचे नाव घेणाऱ्यांना शोभत नाही. ऑइल डब्यात साठवून अधिकृत घेणाऱ्यालाच द्यावे.

शेवटी एक सूचना. हात काळे होणारे काम कमी दर्जाचे, ही समजूत आपल्याच समाजाला सर्वाधिक महाग पडली आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि तांत्रिक शिक्षणाचा त्यांनी आग्रह धरला होता, याचे स्मरण ठेवावे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत फिटर आहेत, वेल्डर आहेत, स्वतःचे गॅरेज चालवणारे आहेत. व्यासपीठावर अधिकाऱ्यांचा सत्कार होतो, तसा त्यांचाही व्हावा. शिवाय वर्षातून दोन रविवार त्यांनी शाळेच्या पटांगणात यावे, नववी-दहावीच्या मुलामुलींसमोर एक जुनी पिकअप उघडावी आणि फिल्टर कसा बदलतात, ब्रेक कसा तपासतात, हिशेब कसा लिहितात हे दाखवावे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि मोठी देणगीही लागत नाही. लागतात ते पान्यांचा एक संच आणि येण्याची तयारी असलेले चार माजी विद्यार्थी. पुढील शैक्षणिक वर्षाच्या आरंभी ही नावे संस्थेच्या कार्यालयात नोंदवली जावीत, अशी आमची नम्र अपेक्षा आहे.