खिडकी नवी, ओल जुनीच

जुनी लाकडी खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती बसवली, तरी पहिल्याच पावसात चौकटीखालची भिंत ओली होते. दोष बहुधा काचेचा नसतो. चौकट आणि भिंत यांच्यातल्या बोटभर फटीचा असतो. आपल्याकडे ती पांढऱ्या सिमेंटने बुजवून वर रंगाचा हात मारतात. माझ्या मते हे काम अर्धवट आहे. उन्हात ॲल्युमिनियम काँक्रीटच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ताठर सिमेंटला ते झेपत नाही, कडेने केसाएवढी चीर पडते आणि पाणी आत शिरते. फट फोमने भरली तरी बाहेरून ताणले जाणारे सिलिकॉन हवेच, कारण उघडा फोम उन्हाने भुसभुशीत होतो. रुळातली पाणी बाहेर सोडणारी भोके मात्र बुजवू नयेत. (उत्साहाने बुजवतात!)

ओलीवर बुरशी धरते आणि त्या भिंतीलगतच मुलांचा पलंग असतो. ओल, बुरशी आणि दमा यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच मार्गदर्शक सूचनांत मांडला आहे. तरीही कंत्राटदाराच्या दरपत्रकात काचेची जाडी असते, सिलिकॉनची ओळ नसते. ती लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता देण्याआधी बाहेरून पाइपने पाणी मारून बघा.